लोखंडाला घाम फुटेपर्यंत

कतारमध्ये, दोहाजवळच्या अल रय्यानमधल्या एका मोठ्या व्हिलाची बाग माझ्याकडे आहे. मालकी मॅडमची, पण कुठल्या झाडाला किती पाणी द्यायचं, कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची हे मी ठरवते. लँडस्केप कंपनीत सुपरवायझर म्हणून मला आता बरीच वर्षं झाली. सुरुवातीला ऑफिसातले लोक म्हणायचे, इथल्या उन्हात बाग टिकत नाही. मी वाद घातला नाही. लागोपाठ दोन उन्हाळे बाग हिरवी ठेवून दाखवली आणि तो विषय खलास झाला.

या व्हिलाच्या मागच्या बाजूला मॅडमनी एक जपानी बाग करून घेतली होती. झाडं सगळी इथल्या उन्हाला पुरून उरणारी: ऑलिव्ह, कोयनेल, आपल्या बोरीच्या जातीचं सिद्र, कडेला खजूर. जपानी होती ती कापणी. ऑलिव्हचे शेंडे ढगांचे पुंजके वाटावेत असे गोल, आणि कोयनेलचं कुंपण हात फिरवला तर गालिचा लागावा असं सपाट. हे काम करणारे माळी दर हिवाळ्यात जपानहून यायचे आणि ऊन तापायला लागलं की परत जायचे. सत्तरीच्या आसपासचे, बुटके, काटक. मी त्यांना सर म्हणायचे, ते माझ्या नावाला 'सान' जोडायचे. त्यांची इंग्रजी मोजकी होती, पण झाडांबद्दल बोलायला तेवढी पुरायची.

त्यांची हत्यारं एका निळ्या कापडात गुंडाळलेली असत. लांब दांड्यांची कुंपणाची कात्री, छोटी फांदीकात्री, एक आखूड विळा आणि तण काढायचं वाकडं खुरपं. रोज काम संपलं की ते उकिडवे बसून एकेक हत्यार पुसायचे, पात्यावर तेलाचा हात फिरवायचे आणि गुंडाळून ठेवायचे. कंपनीची पेट्रोलवर चालणारी ट्रिमर त्यांनी कधी सुरूसुद्धा केली नाही. याचं कारण मला विचारावं लागलं नाही. ट्रिमर पान कापत नाही, फाडते. इथल्या कोरड्या वाऱ्यात फाटलेल्या पानाच्या कडा लगेच करपतात आणि सगळं कुंपण तांबूस दिसायला लागतं. त्यांच्या कात्रीनं कापलेलं कुंपण आठवडाभरानंतरही हिरवंगार असायचं.

हत्यारांना कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. आमच्या टीममधल्या एका माळ्यानं एकदा खुरपं उचललं, तेव्हा ते नुसते हात पुढे करून उभे राहिले. त्यानं मुकाट्यानं परत दिलं.

पण एके दिवशी डबा खायच्या सुट्टीत ती कात्री कापडावर उघडी पडलेली मला दिसली आणि राहवलं नाही. मी ती उचलली, उजेडात तिरकी धरली. पात्यावर कडेच्या समांतर एक अस्पष्ट वळणदार रेघ होती. रेघेच्या वरचा भाग राखाडी, मऊ दिसणारा, खालचा आरशासारखा. मी पात्यावर नखानं टिचकी मारली आणि कानाशी नेलं.

सर मागे येऊन उभे होते. हात पुढे केला नाही.

"काय ऐकतेस?" त्यांनी विचारलं.

"हे वरचं साधं लोखंड आहे," मी बोट फिरवत म्हणाले, "आणि हे खालचं पोलाद. दोन्ही भट्टीत तापवून, घण मारून एक केलंय. वेल्डिंगच्या मशीनवर नाही."

त्यांनी घास गिळला. "तू बागेची. तुला हे कुणी शिकवलं?"

"माझे वडील लोहार आहेत," मी म्हणाले. "ऊस तोडायचे कोयते करतात. अशीच रेघ असते."

त्या दिवशी त्यांनी मला कात्री परत ठेवायला सांगितलं नाही. दुपारभर ती माझ्या हातात होती, आणि मी कोयनेलच्या कुंपणाचा एक अख्खा कोपरा तिनं कापला.

*

आमचं गाव कोल्हापूरकडचं, चहूबाजूंनी ऊस. रस्त्याच्या कडेला वडिलांचा पत्र्याचा खोपा. आत भट्टी, ऐरण, भाता. गावातले लोक बोथट झालेले विळे, कुऱ्हाडी शेवटून घ्यायला यायचे, म्हणजे तापवून, ठोकून पुन्हा धारेला आणून घ्यायला. लोहाराचं काम एकट्याचं नसतं. एकानं तापलेलं लोखंड सांडशीत धरायचं, छोट्या हातोड्यानं जागा दाखवायची, आणि दुसऱ्यानं समोर उभं राहून त्या जागी घण घालायचा. आमच्या घरात घण आई मारायची. आमच्यात बायका घण मारतातच, त्यात कुणाला नवल वाटत नाही. पुढे आईचा खांदा धरला, दोन्ही भाऊ शिक्षणाला शहरात गेले होते, आणि घण माझ्याकडे आला. आठवीपासून कॉलेजला जाईपर्यंत मी वडिलांसमोर उभी राहिले.

मला ते काम आवडायचं. घण खांद्यावरून खाली येतो तेव्हा जोर हातात नसतो, कमरेत आणि पायात असतो. वडील हातोडा ऐरणीवर आडवा टेकवायचे, म्हणजे थांब. दोनदा टिचकी मारली की हळू. बोलायची गरजच नसायची. कॉलेजात मुली हॉकी, कबड्डी खेळायच्या. मी कशात भाग घेतला नाही, पण माझे दंड बघून कबड्डीच्या सरांनी मला दोनदा बोलावणं धाडलं होतं.

मी लोहार झाले नाही, कारण मला झाडं जास्त आवडली. याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. वडिलांनाही नाही. ते एवढंच म्हणाले, "कुठंबी जा, हात रिकामा ठिऊ नगंस."

*

त्या हिवाळ्याच्या मध्यावर कात्री मोडली.

सर एका जुन्या ऑलिव्हचा शेंडा गोल करत होते. झाड नर्सरीतून आलं तेव्हा कुणीतरी कोवळ्या फांदीला बांधलेली तार पानांत तशीच राहिलेली होती. कात्री मिटली आणि कच्च असा आवाज आला. शिडीच्या खालून मी तो आवाज ऐकला आणि लोखंडाचं काहीतरी झालं हे मला लगेच समजलं. सर खाली उतरले. एका पात्याला खाच पडली होती आणि खाचेतून एक बारीक तडा वर, त्या वळणदार रेघेपर्यंत गेला होता.

ते पाण्याच्या कुंडाच्या काठावर जाऊन बसले. मी चहा आणून दिला.

"दुसरी मागवूया," मी म्हणाले. "ज्यांनी केली त्यांच्याकडून."

"माझ्या थोरल्या भावानं केली," ते म्हणाले. "त्यानं भट्टी विझवली. गेल्या वर्षी."

मग हळूहळू सगळं कळलं. त्यांच्या गावात एके काळी घरोघरी लोहार होते, त्यांच्या वडिलांचीही भट्टी होती. वडिलांनी दोन्ही भावांना शिकवलं. धाकट्याला बागांचं वेड, तो निघून गेला, थोरला राहिला. थोरल्याची बायकोच त्यांच्यासमोर घण मारायला उभी राहायची, जन्मभर. ती वारली. मशीनचा हातोडा त्यांच्याकडे होता, पण त्यावर फक्त लोखंड लांबवता येत होतं. कात्रीचं पातं आणि दांडीची मान एकाच तुकड्यातून काढायची तर समोर माणूस लागतो. गावात आता तसं काम करणारं जवळपास कुणी नव्हतं, आणि कारखान्यात ठोकून काढलेल्या कात्र्या दुकानात ढिगानं मिळत होत्या.

"त्यांच्यासमोर बायको घण मारायची?" मी विचारलं.

"हो."

"सर," मी म्हणाले, "घण मला मारता येतो. भट्टी मी शोधते. भावाला म्हणावं, फोनवर सांगा, आम्ही इथे करतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ऑलिव्हला आंबे लावते म्हणाले. पण फोन केला. बोलणं बरंच चाललं. शेवटी म्हणाले, "भाऊ म्हणतो, कात्रीचं नाव काढू नका. आधी खुरपं करून दाखवा."

*

दोहात भट्टी शोधायची म्हणजे इंडस्ट्रियल एरिया. आमच्या माळ्यांची राहायची जागा तिथेच आहे, कंपनीची बस रोज त्यांना घेऊन येते, त्यामुळे मला गल्ल्या माहीत होत्या. चौकशी करत मी एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये पोचले. मालक रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, पन्नाशीचे. व्हिलांची गेटं आणि जिन्यांचे कठडे करायचे. मी मराठीत बोलले तसे खुर्ची पुढे केली.

"बस गो बाय. काय, गेट बनवायचाय?"

"नाही चाचा. खुरपं बनवायचंय."

ते हसले. मी मोबाइलवर मोडलेल्या कात्रीचा फोटो दाखवला, सगळं सांगितलं. त्यांचं हसू कमी झालं. मागच्या अंगणात घेऊन गेले. पत्र्याखाली एक जुनी ऐरण पडली होती, धुळीनं मढलेली. पूर्वी कठड्यांची नक्षी हातानं वळवायचे, तेव्हाची. आता सगळं तयार येत होतं.

"ऐरण हाय," चाचा म्हणाले. "भट्टी विटांची बांधू, ब्लोअर लावू. कोळसा लोक कँपिंगला नेतात तो मिळंल. पण घण कोण मारनार? माजी पोरा सगली आर्क वेल्डिंगवाली."

कोपऱ्यात एक घण होता. मी तो उचलला, ऐरणीची धूळ झटकली, आणि गेटातून उरलेली एक सळई वर ठेवून थंडच ठोकली. पाच-सहा घाव एकाच जागी. सळई त्या जागी चपटी झाली. चाचांनी ती उचलून पाहिली.

"शुक्रवारी ये," ते म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो एका बँकेत आयटीत आहे, हातानं स्क्रू फिरवायचीसुद्धा त्याला भीती. म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी लोक बीचवर जातात." मी म्हटलं, "तू पण चल, फोन धरायला माणूस लागेल." आला.

*

पहिल्या शुक्रवारी काही जमलं नाही, पण त्या शुक्रवारानं सगळं बदललं.

आमची सकाळ म्हणजे जपानमधली दुपार. नवऱ्यानं फोन धरला. पडद्यावर सरांचे थोरले भाऊ दिसले: पांढरी खुरटी दाढी, डोक्याला टॉवेल, मागे काळवंडलेली भिंत. नमस्कार-चमत्कार झाले आणि आम्ही कामाला लागलो. लोखंड गेटातलंच, पोलादासाठी चाचांकडची एक झिजलेली कानस. दोन्ही जोडताना मध्ये टाकणखार टाकावा लागतो, नाहीतर पोटात मळी राहते आणि जोड धरत नाही. तो मी गोल्ड सूकच्या, म्हणजे इथल्या सोन्याच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीतल्या एका सोनाराकडून आणला होता.

सांडशी सरांच्या हातात, घण माझ्या. पन्नासेक वर्षांनी त्यांनी सांडशी धरली होती. तापवलं, ऐरणीवर घेतलं, मी घाव घातले. चांगले घातले. पण लोखंड थंड झालं तेव्हा पोलादाची पट्टी सालीसारखी सुटून आली. पुन्हा केलं. या वेळी जास्त तापलं. भट्टीतून ठिणग्या उडाल्या आणि पोलादाची कड जळून खडबडीत झाली.

पडद्यावरच्या म्हातारबुवांनी पहिल्या वेळी नुसती मान हलवली. दुसऱ्या वेळी त्यांनी कपाळावर हात मारला. जपानी मला येत नाही, पण लोहाराची शिवी कुठल्याही भाषेत ओळखू येते. मग ते उठले आणि पडद्यावरून नाहीसे झाले. नुसती काळी भिंत दिसत राहिली.

"रागावले?" मी विचारलं.

सर फोनजवळ गेले, कान देऊन ऐकू लागले. तिकडून काहीतरी खरवडल्याचा, ओढल्याचा आवाज येत होता. सरांचा चेहरा बदलला.

"तो भट्टी साफ करतोय," ते म्हणाले.

थोड्या वेळानं म्हातारबुवा परत आले, फोन कशाला तरी टेकवून ठेवला, आणि आम्हाला त्यांची भट्टी दिसायला लागली. कोळशावर आधी धूर, मग जाळ. एकट्यानं एक छोटा तुकडा तापवला, डाव्या हातात सांडशी, उजव्यात हातोडा. बाहेर काढायच्या आधी फोनकडे वळून ओरडून काहीतरी बोलले.

"म्हणतो, रंग बघू नका नुसता," सरांनी सांगितलं. "वरचा भाग ओला दिसला पाहिजे. मग काढा. पहिले घाव हळू. चिकटलं की मग जोरात."

आम्ही चौघं आणि वर्कशॉपमधले दोन वेल्डर त्या एवढ्याशा पडद्याभोवती गर्दी करून उभे होतो. म्हातारबुवांनी तुकडा काढला, हलकेच ठोकला, मग भराभर. पाण्यात न बुडवता वर धरून दाखवला. जोड कुठे आहे ते दिसतही नव्हतं.

चाचा म्हणाले, "माशाल्ला."

वर्षभर विझलेली भट्टी आमच्या चुका बघवेनात म्हणून पेटली, याचा मला आजही आनंद होतो.

*

पुढच्या शुक्रवारी मी आणखी एक फोन लावला, गावाला. वडील आता काम कमी करतात, पण खोप्यात बसतात. नवऱ्याच्या एका हातात जपान, दुसऱ्या हातात कोल्हापूर.

"आबा, हे जपानचे लोहार," मी म्हणाले. "यांना नमस्कार करा."

"नमस्कार, नमस्कार," वडील मोठ्यानं म्हणाले, लांबच्या माणसाशी बोलताना बोलतात तसे. "तेंच्याकडं भाता हाय का फॅन?"

सरांनी विचारून सांगितलं. दोन्हीकडे फॅन होता. दोघांनाही भाता बरा वाटायचा. एवढी ओळख पुरली.

लोखंड भट्टीत ठेवलं. ब्लोअर सुरू केला. तांबडं झालं, मग नारिंगी. नवऱ्यानं दोन्ही फोन भट्टीच्या तोंडाशी नेले, स्वतःचा चेहरा बाजूला वळवून.

"काढू का?" मी विचारलं.

"नगं, नगं. तांबडं हाय अजून," वडील म्हणाले. "पिवळं हू दे. घाम फुटू दे लोखंडाला."

तिकडून म्हातारबुवा काहीतरी पुटपुटले. सर भट्टीकडे बघत म्हणाले, "भाऊ म्हणतो, अजून ओलं नाही."

मी सरांना वडिलांचं बोलणं सांगितलं. लोखंडाला घाम फुटणे हे इंग्रजीत नीट सांगता आलं नाही, पण त्यांना कळलं. आम्ही थांबलो. चाचा कोळसा सारत होते. पिवळा रंग उजळत गेला, टाकणखार वितळून वर पसरला, आणि एका क्षणाला ते लोखंड पावसात भिजल्यासारखं चकाकलं.

"काढ!" वडील ओरडले, आणि त्याच श्वासात जपानमधूनही एक शब्द आला, आखूड, घणाच्या घावासारखा. भाषांतराची गरज कुणालाच पडली नाही. सरांनी तुकडा ऐरणीवर आणला. त्यांनी हातोड्यानं दोन टिचक्या मारल्या, म्हणजे हळू. आमच्या खोप्यातली खूण त्यांच्याही खोप्यात तीच होती. मी घण हलकेच उतरवला, पुन्हा उतरवला. आवाज बदलला. सुटा, फुटका वाजत होता तो भरीव झाला. मी घण मागे नेला आणि पूर्ण जोर लावला.

खुरप्याचं पातं तयार व्हायला अर्धा दिवस गेला. वाकवणं, मान काढणं, पाणी देणं. लाल पातं पाण्यात गेलं तेव्हा सगळे कान लावून होते. तडा गेला नाही. सरांनी कानशीनं धार काढली आणि फोनसमोर धरलं.

म्हातारबुवांनी ते पुढून-मागून दाखवायला लावलं. मग एक वाक्य बोलले. सरांनी पातं ऐरणीवर ठेवलं.

"काय म्हणाले?" चाचांनी अधीर होऊन विचारलं.

"म्हणतो, मोडा."

"काय?" चाचा ओरडले. "बाय, एवढ्या मेहनतीनं बनवलेला..."

मी वडिलांच्या फोनकडे पाहिलं. तिकडचं बोलणं त्यांना समजलं नव्हतं, मी सांगितलं.

"बरोबर हाय म्हातारा," वडील म्हणाले. "मोडून बघ. पोट बघितल्याबिगर कसं कळंल?"

मी पातं व्हाइसमध्ये आवळलं, जोर मिळावा म्हणून वर पाइप चढवला आणि एका हिसक्यात मोडलं. मोडलेली कड फोनसमोर धरली. पोलादाचा भाग बारीक, एकसारखा, मऊ राखेसारखा दिसत होता. मोठे चमकते दाणे नव्हते. जोडाच्या रेघेत कुठे काळा डाग नव्हता.

म्हातारबुवांनी मान डोलावली. वडील म्हणाले, "झ्याक. आता दुसरं कर." आणि आम्ही दुसरं केलं. ते आम्ही मोडलं नाही. आजही ते अल रय्यानच्या बागेत वापरात आहे आणि मीच वापरते.

*

हिवाळा संपेपर्यंत आम्ही खुरपी केली, विळे केले, एकदोन फसले. कात्रीचं नाव मात्र म्हातारबुवांनी काढू दिलं नाही. मीही हट्ट धरला नाही. कात्रीत दोन पाती एकमेकांना घासत मिटावी लागतात, त्यातला बाक नुसत्या फोनवर शिकता येत नाही, हे मला माहीत होतं. जे आमच्या हातात होतं ते आम्ही चोख करत होतो.

ऊन तापायला लागलं तसे सर जायला निघाले. एअरपोर्टवर मी सोडायला गेले होते. त्यांच्या सामानात मोडलेली कात्री होती.

"घरी काय करणार उन्हाळाभर?" मी विचारलं.

त्यांनी तळहात उघडून दाखवला. सांडशीनं पडलेले घट्टे होते. "भाऊ म्हणतो, एवढं शिकलास तर आता माझ्यासमोर उभा राहा," ते म्हणाले. "मी घण मारणार. तू मारतेस तसा."

"कमरेतून मारा," मी म्हणाले. "हातातून मारलात तर खांदा जाईल."

"हे वहिनीसुद्धा म्हणायची," ते म्हणाले आणि आत गेले.

नंतरच्या हिवाळ्यात ते आले ते नवी कात्री घेऊन. दोघा भावांनी मिळून केलेली. मी टिचकी मारून ऐकली, तिची मान बघितली, मग कोयनेलच्या कुंपणावर चालवली. चांगली होती, जुनीपेक्षा किंचित जड. त्यांच्या गावात भट्टीचा धूर पुन्हा दिसायला लागला म्हणून शेजारचं एक शेतकरी जोडपं आठवड्यातून एकदा शिकायला येऊ लागलं होतं. बायको घण मारते, नवरा सांडशी धरतो. कधीकधी उलट.

वडील आणि म्हातारबुवा अधूनमधून परस्पर फोन लावतात. दोघांनाही एकमेकांच्या भाषेचं अक्षरही कळत नाही. आई सांगते, नुसती हत्यारं दाखवतात आणि हसतात.

आमची इंडस्ट्रियल एरियातली भट्टी विझली नाही. शुक्रवारी पेटतेच. सांडशी आता चाचा धरतात आणि छान धरतात. आम्ही एक नवं खुरपं तयार केलं आहे, पातं जपानी वळणाचं आणि मूठ आपल्याकडची, कारण इथल्या कडक मातीला मूठ भरीव लागते. माझ्या टीममधल्या प्रत्येक माळ्याकडे ते आहे. दुसऱ्या बागांमधले माळीही विचारायला लागले. नेपाळी, केरळी, बंगाली, सगळे येतात, ऐरणीजवळ उभे राहतात, आपापल्या गावच्या विळ्याचा आकार धुळीत बोटानं काढून दाखवतात. जमेल तसे आम्ही ते आकारही करून पाहतो.

गेल्या महिन्यात चाचा म्हणाले, "बाय, उत्तरेला येतेस काय? माजा एक दोस्त हाय अल रुवैसला, म्हातारा, होडीवाला. त्याला काम हाय तुजं."

होडीच्या तळाला शिंपले चिकटतात, ते खरवडायचं एक रुंद, वाकडं हत्यार त्या म्हाताऱ्या कतारी मच्छीमाराकडे होतं. झिजून पानासारखं पातळ झालेलं. बाजारातली नवी वाकतात, अशी त्याची तक्रार. चाचांनी नमुना म्हणून ते आणून दिलं, त्याबरहुकूम मी नवं केलं आणि एका सकाळी आम्ही ते घेऊन निघालो. बंदरावर जाळ्यांचे आणि तारेच्या माशांच्या सापळ्यांचे ढीग, वाळूवर पालथी घातलेली एक होडी. म्हाताऱ्यानं हत्यार हातात घेतलं, वजन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं.

"हिनं केलं?" त्यानं अरबीत विचारलं.

"हिनंच," चाचा म्हणाले.

तो होडीपाशी गेला, तळाशी वाकला आणि एक लांब ओढ घेतली. शिंपल्यांचा अख्खा पट्टा खडखडत वाळूवर पडला. त्यानं पातं उलटून धार बघितली. जराही वळली नव्हती. पुन्हा एक ओढ घेतली, मग आणखी एक, आणि आम्ही उभे आहोत हे विसरून त्यानं होडीची एक बाजू साफ करून टाकली.

"ज़ैन," तो म्हणाला, म्हणजे छान. मग शेडमध्ये गेला आणि आतून एक प्लॅस्टिकची बादली ओढत आणली. आकडे, सुऱ्या, खरवडण्या, नावही माहीत नाही अशी हत्यारं, सगळी गंजलेली, काही त्याच्या वडिलांच्या वेळची. बादली माझ्या पायाशी ठेवली.

"यल्ला," तो म्हणाला, म्हणजे चल, लाग कामाला.

चाचांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "या अल्ला. आता काय करतंस गो बाय?"

मी त्यातला एक आकडा उचलला, गंज अंगठ्यानं पुसला आणि उजेडात तिरका धरला. लोखंड चांगलं होतं.

"डिकी उघडा, चाचा," मी म्हणाले.